गाणारा सिंथेसायझर आणि अ‍ॅनिमेची शीर्षकगीते: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

प्रश्न: ‘हात्सुने मिकूने गायलेले गाणे’ असे म्हणतात, तेव्हा नेमके कोण गात असते?

सपोरो येथील क्रिप्टन फ्यूचर मीडिया या कंपनीने ३१ ऑगस्ट २००७ रोजी विक्रीला आणलेली हात्सुने मिकू ही मुळात गायिका नसून संगणकावर चालणारे एक सॉफ्टवेअर आहे. त्यातला आवाज मात्र हाडामांसाच्या माणसाचा आहे. फुजिता साकी या जपानी आवाज-कलाकाराकडून ठरावीक अक्षरसमूह वेगवेगळ्या पट्ट्यांत म्हणवून घेतले गेले, त्या ध्वनिमुद्रणाचे बारीक तुकडे करून त्यांचा संग्रह तयार केला गेला, आणि गाणे बांधणारा माणूस पडद्यावरच्या आडव्या पट्टीत स्वर मांडून त्या प्रत्येक स्वराखाली अक्षर लिहितो, तेव्हा सॉफ्टवेअर योग्य ते तुकडे निवडून एकमेकांना असे जोडते की सांधा ऐकू येऊ नये. यात खरी कसोटी अक्षरांची नसते. एका वर्णाकडून दुसऱ्या वर्णाकडे आवाज कसा वळतो याची असते. जपानीसाठी अशी सुमारे ५०० संक्रमणे पुरतात, तर इंग्रजीसाठी सुमारे २५०० लागतात, आणि हे तंत्र जपानमध्येच का फोफावले याचे अर्धे उत्तर या दोन आकड्यांत आहे.

संगणकाला गायला लावण्याची हौस त्याआधीची आहे. अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत १९६१ मध्ये आयबीएमच्या संगणकाकडून ‘डेझी बेल’ हे जुने गाणे म्हणवून घेतले गेले होते. आज ज्याला व्होकॅलॉइड म्हणतात ते तंत्र यामाहा कंपनीने २००० पासून केन्मोची हिदेकी यांच्या नेतृत्वाखाली, बार्सिलोनाच्या पोम्पेउ फाब्रा विद्यापीठाच्या सहकार्याने विकसित केले आणि २००३ मध्ये जाहीर केले. मिकूही याच तंत्रावर उभी राहिली. त्याचे पहिले आवाज मात्र २००४ मध्ये आले ते ब्रिटनमधील झिरो-जी कंपनीचे आणि इंग्रजीतले होते; त्यांची आठवण आज फारशी कुणी काढत नाही.

प्रश्न: अशा सगळ्या आवाजांना व्होकॅलॉइड म्हणावे का?

म्हणू नये, पण लोक म्हणतात. आपल्याकडे कोणत्याही छायाप्रतीला झेरॉक्स आणि कोणत्याही वनस्पती तुपाला डालडा म्हणण्याची जी रीत आहे, तीच ही. व्होकॅलॉइड हे यामाहाच्या तंत्राचे नाव आहे. उताऊ हे २००८ मध्ये आलेले, मोफत मिळणारे, स्वतंत्र सॉफ्टवेअर आहे. सेव्हिओ आणि सिंथेसायझर व्ही ही आणखी वेगळी घराणी आहेत. यातली गमतीची गोष्ट कासाने तेतो हिची आहे. १ एप्रिल २००८ रोजी ‘नवी व्होकॅलॉइड आली’ अशी खोटी बातमी पसरवून लोकांना एप्रिल फूल करण्यासाठी हे पात्र रचले गेले, पुढे चाहत्यांनीच तिला उताऊमध्ये खराखुरा आवाज मिळवून दिला, आणि २०२३ मध्ये ती सिंथेसायझर व्हीसाठी रीतसर विक्रीला आली.

प्रश्न: मिकू कोणत्या अ‍ॅनिमेतली आहे?

कोणत्याही नाही. अ‍ॅनिमे म्हणजे जपानी अ‍ॅनिमेशनच्या मालिका आणि चित्रपट, आणि हा प्रश्न इतक्या वेळा येतो की त्याचे उत्तर ठळक अक्षरांत लिहून ठेवावेसे वाटते. तिचे चित्र सॉफ्टवेअरच्या खोक्यासाठी केई या चित्रकाराने काढले. वय १६, उंची १५८ सेंटिमीटर, वजन ४२ किलो एवढीच माहिती कंपनीने दिली आणि कथा मुद्दामच दिली नाही. नावात ‘पहिला’, ‘ध्वनी’ आणि ‘भविष्य’ असे तीन अर्थ गुंफलेले आहेत. अ‍ॅनिमेत ती पाहुणी म्हणून येते. बुलेट ट्रेनचे यंत्रमानव होतात अशा ‘शिंकालिऑन’ या मालिकेत २०१८ मध्ये तिच्याच नावाच्या उच्चाराची, पण वेगळ्या चित्राक्षरांत लिहिल्या जाणाऱ्या नावाची एक मुलगी होक्काइदोच्या गाडीची चालक म्हणून आली आणि तिला आवाज फुजिता साकी यांनीच दिला. मिकूच्या नावाचा संपूर्ण चित्रपट, ‘प्रोजेक्ट सेकाई’ या खेळावर आधारलेला, जानेवारी २०२५ मध्ये जपानमध्ये प्रदर्शित झाला.

प्रश्न: मग सिंथेसायझरच्या आवाजातले शीर्षकगीत खरोखर कोणत्या मालिकेला आहे?

सर्वांत ठळक उदाहरण ‘ब्लॅक रॉक शूटर’चे आहे, आणि ते नीट समजून घेण्याजोगे आहे, कारण त्यात नेहमीचा क्रम पूर्ण उलटा झालेला दिसतो.

साधारणपणे आधी कथा ठरते, मग मालिका, आणि शेवटी तिच्यासाठी गाणे लिहवून घेतले जाते. इथे सुरुवात एका चित्राने झाली. हुके या चित्रकाराने काळ्या केसांची, एका डोळ्यात निळी ज्वाळा असलेली मुलगी काढली आणि चित्र इंटरनेटवर ठेवले. ते पाहून र्‍यो या संगीतकाराने गाणे रचले, ते मिकूच्या आवाजात बसवले आणि जून २००८ मध्ये निको निको डोगा या जपानी व्हिडिओ संकेतस्थळावर चढवले. म्हणजे चित्रातून गाणे आणि गाण्यातून पात्राची कीर्ती असा हा प्रवास झाला. जुलै २०१० मध्ये पन्नासएक मिनिटांचा अ‍ॅनिमे आला, ज्याच्या डिस्क जपानी मासिकांच्या अंकांबरोबर फुकट वाटल्या गेल्या. फेब्रुवारी २०१२ मध्ये फुजी टीव्हीच्या ‘नोइतामिना’ या रात्रीच्या प्रसारणवेळेत आठ भागांची मालिका सुरू झाली, आणि तिच्या प्रत्येक भागाच्या आरंभी तेच, चार वर्षांपूर्वीचे गाणे मिकूच्याच आवाजात वाजू लागले. श्रेयनामावलीत संगीतकाराचे नाव आधी आणि मिकूचे नाव ‘सहभाग’ म्हणून नंतर, असे लिहिलेले दिसते.

इथे एक गोष्ट सुटू नये. त्याच मालिकेच्या भागाअखेरीस वाजणारे गीतही र्‍योच्याच ‘सुपरसेल’ या गटाचे आहे, पण ते एका तरुण गायिकेने गायलेले आहे. दोन्ही गीते लागोपाठ ऐकली तर सिंथेसायझर काय देतो आणि काय देत नाही हे कोणत्याही लेखापेक्षा लवकर कळते. मिकूच्या आवाजात शब्दाच्या शेवटी श्वास सुटत नाही, वरच्या पट्टीत गळा ताणल्याची खूण उमटत नाही, आणि गिटारच्या गदारोळात तो आवाज वाद्यासारखा सरळ रेषेत पुढे जात राहतो. ज्या मुलीला वेदना होतात की नाही हेच कथेला विचारायचे आहे, तिच्यासाठी हा ताणरहित आवाज मला अचूक वाटतो. गायिकेने तेच गाणे अधिक चांगले गायले असते आणि मालिकेला ते कमी शोभले असते.

प्रश्न: असा आवाज इतका लोकप्रिय असूनही शीर्षकगीतांत इतका क्वचित का येतो?

कारण शीर्षकगीत हा निव्वळ संगीताचा मामला नसतो. जपानमधील बहुतेक मालिकांसाठी प्रकाशक, वाहिनी, खेळणी बनवणारे, ध्वनिमुद्रण कंपनी असे अनेकजण मिळून एक निर्मिती समिती स्थापन करतात आणि प्रत्येकजण आपला वाटा वसूल करण्याच्या वाटा शोधतो. त्या समितीत बसलेल्या ध्वनिमुद्रण कंपनीला सुमारे दीड मिनिटाची ती जागा म्हणजे आठवड्याला एकदा, सलग तीन महिने मिळणारी जाहिरात असते. तिथे ती आपल्या करारातला गायक, नवा बँड किंवा मालिकेत काम करणारे आवाज-कलाकार यांनाच बसवणार. गायकाच्या मुलाखती होतात, मंचीय कार्यक्रम होतात, त्याचा पुढचा अल्बम विकला जातो. मिकूचा आवाज मात्र सॉफ्टवेअर विकत घेणाऱ्या प्रत्येकाकडे असतो. तो कुणा एका कंपनीचा राखीव माल होऊ शकत नाही. जे सर्वांचे आहे ते जाहिरातीच्या उपयोगाचे नाही, असा हा रोकडा हिशेब आहे.

तांत्रिक अडचण त्यामानाने लहान आहे. शब्द स्पष्ट कळत नाहीत ही जुनी तक्रार २००७ च्या आवाजाबद्दल खरी होती. २०२२ मध्ये आलेल्या व्होकॅलॉइडच्या सहाव्या आवृत्तीत आणि सिंथेसायझर व्हीच्या नव्या आवाजांत यंत्रशिक्षणाचा वापर होत असल्याने आज ती तितकीशी खरी उरलेली नाही.

प्रश्न: ‘मेकाकुसिटी अ‍ॅक्टर्स’ ही मालिका तर व्होकॅलॉइडच्या गाण्यांवरच बेतलेली आहे. तिच्यात माणसांचे आवाज का?

जिन या संगीतकाराने मिकू आणि आयए या आवाजांत रचलेल्या गाण्यांच्या मालेतून ही कथा उभी राहिली, तिच्यावर कादंबऱ्या झाल्या आणि २०१४ मध्ये शाफ्ट या स्टुडिओने मालिका केली. आरंभगीत मारिया या गायिकेने गायले, समाप्तिगीत लिया यांनी. आता यातली मेख पाहा: २०१२ मध्ये आलेला आयए हा आवाजसंग्रह लिया यांच्याच ध्वनिमुद्रणातून घडवलेला आहे. ज्यांनी वर्षानुवर्षे यंत्रातून गाळून आलेला आवाज ऐकला होता, त्यांना भागाच्या शेवटी त्या आवाजाचा उगम ऐकू आला. आपल्याकडे पार्श्वगायनात पडद्यावर चेहरा एकाचा आणि गळा दुसऱ्याचा हे इतके अंगवळणी पडले आहे की त्यात नवल वाटत नाही. इथे मात्र गळाच आधी सुटा होऊन विकला गेला, त्याला चेहरा चिकटवला गेला, आणि मग मूळ गायिका परत आली.

प्रश्न: आणखी कोणत्या मालिका किंवा चित्रपट अशा गाण्यांतून निघाले?

हनीवर्क्स या गटाच्या व्होकॅलॉइड गाण्यांवरून २०१६ मध्ये दोन प्रेमकथापट निघाले, आणि ‘मिकागुरा गाकुएन कुमिक्योकु’ ही २०१५ ची मालिकाही त्याच कुळातली आहे.

प्रश्न: आजची गाजलेली शीर्षकगीते लिहिणारे मूळचे ‘बोकारो-पी’ आहेत, हे खरे का?

बऱ्याच अंशी खरे आहे. व्होकॅलॉइडसाठी गाणी करणाऱ्याला जपानीत ‘बोकारो-पी’ म्हणतात. त्यातला ‘पी’ हा निर्माता या अर्थाच्या इंग्रजी शब्दाचे आद्याक्षर आहे. योनेझु केन्शी हा आज जपानचा अत्यंत लोकप्रिय गायक-संगीतकार २००९ पासून ‘हाची’ या नावाने व्होकॅलॉइडची गाणी इंटरनेटवर टाकत असे. ‘माय हीरो अकॅडेमिया’चे २०१७ मधले ‘पीस साइन’ आणि ‘चेनसॉ मॅन’चे २०२२ मधले ‘किक बॅक’ ही शीर्षकगीते त्याची. एप्रिल २०२३ मध्ये ‘ओशी नो को’ मालिकेबरोबर आलेले आणि जगभर वाजलेले ‘आयडॉल’ हे गीत योआसोबी या जोडीचे आहे, आणि त्यातला संगीतकार अयासे हाही व्होकॅलॉइडच्याच वाटेने आला. योआसोबीची काही गाणी त्याने मिकूच्या आवाजातही प्रसिद्ध केली आहेत. वर आलेला र्‍यो तर २००९ पासूनच ‘बाकेमोनोगातारी’च्या समाप्तिगीतामुळे अ‍ॅनिमेच्या जगात मान्यता पावला होता.

याचा परिणाम चालींवर झाला आहे, आणि माझ्या मते ‘सिंथेसायझरने अ‍ॅनिमेच्या गाण्यांना काय दिले’ या प्रश्नाचे खरे उत्तर इथे आहे. यंत्राला श्वास घ्यावा लागत नाही, म्हणून ओळीमागून ओळ विनाथांबा लिहिता येते. दीड सप्तकाची उडी त्याला अर्ध्या स्वरापेक्षा अवघड नसते. द्रुत लयीत त्याची जीभ अडखळत नाही. क्रिप्टनने मिकूसाठी मिनिटाला ७० ते १५० ठोक्यांची लय सोयीची म्हणून सांगितली होती, तरी तिच्या सर्वांत गाजलेल्या गाण्यांपैकी एक २४० ठोक्यांवर धावते. असे लिहायची सवय लागलेल्या संगीतकारांनी पुढे माणसांसाठी लिहायला घेतले, तेव्हा लेखणी तशीच राहिली आणि माणसांनी तयारी वाढवली. आजची शीर्षकगीते गुणगुणायला घेतली की दुसऱ्याच ओळीला धाप लागते, ती आपल्या वयामुळेच लागते असे नाही.

प्रश्न: इंटरनेटवर जुन्या-नव्या अ‍ॅनिमेची शीर्षकगीते मिकूच्या आवाजात सापडतात. ती अधिकृत असतात का?

बहुतेक नसतात. मूळ गीत माणसाने गायलेले असते आणि एखाद्या चाहत्याने ते सिंथेसायझरकडून पुन्हा म्हणवून घेतलेले असते. मिकू आल्यानंतरच्या पहिल्याच महिन्यात, सप्टेंबर २००७ मध्ये, जो व्हिडिओ गाजला तोही अशीच नक्कल होता: हातात कांद्याची लांब पात हलवत ती एक फिनिश लोकगीत गाते. पातीची कल्पनासुद्धा उसनी होती, कारण ती हलवणारी पहिली मुलगी ‘ब्लीच’ या अ‍ॅनिमेतली ओरिहिमे होती.

प्रश्न: असे गीत तयार करायला काय करावे लागते?

स्वर मांडणे हे सोपे काम आहे. ऐकून ऐकून एका संध्याकाळी होते. त्यानंतर आवाज ‘घडवण्याचे’ काम सुरू होते आणि ते आठवडाभर पुरते. एक लहानसे उदाहरण देतो. जपानीत ‘हा’ असे वाचले जाणारे अक्षर कर्त्यामागे प्रत्यय म्हणून आले की ‘वा’ असे उच्चारले जाते. शब्द जसेच्या तसे उतरवले तर मिकू इमानेइतबारे ‘हा’ म्हणते आणि जपानी श्रोता हसतो. म्हणून शब्द जसा लिहितात तसा नव्हे, तर जसा कानी पडतो तसा भरावा लागतो. मग लांब स्वरांवर कंप किती उशिरा सुरू व्हावा, स्वराला खालून घसरत भिडावे की थेट, ओळीपूर्वी श्वासाचा आवाज जोडावा की नाही, असे निर्णय एकेका स्वरासाठी घ्यावे लागतात. सगळ्या स्वरांना सारखाच कंप दिला की सनईच्या जागी पेटी बसवल्यासारखे होते. नवशिक्याची चूक बहुधा हीच असते, की तो सगळीकडे थोडे थोडे करतो. कसलेला माणूस ओळीतल्या एकाच शब्दावर मेहनत घेतो आणि बाकीची ओळ सपाट सोडतो.

प्रश्न: कायद्याच्या दृष्टीने हे चालते का?

दोन हक्क वेगळे ठेवावेत. चाल आणि शब्द यांचा हक्क एक, आणि प्रत्यक्ष ध्वनिमुद्रणाचा हक्क दुसरा. जपानमध्ये बहुसंख्य गीतांच्या चाल-शब्दांचे हक्क जासराक ही संस्था सांभाळते, आणि निको निको किंवा यूट्यूब यांसारख्या संकेतस्थळांचे तिच्याशी करार असल्यामुळे स्वतः वाजवून-गाऊन केलेली आवृत्ती तिथे ठेवता येते. पण सीडीवर गाण्याशिवायचे जे वाद्यसंगीत मिळते ते उचलून त्यावर मिकूचा आवाज बसवला, तर ध्वनिमुद्रण कंपनीच्या हक्कावर घाला येतो. म्हणून प्रामाणिक चाहते साथीचे संगीतही शून्यापासून बांधतात, आणि ऐकणाऱ्याला त्याचा पत्ताही नसतो. मालिकेची दृश्ये वापरणे हा तिसरा, अधिक जोखमीचा भाग आहे.

मिकूच्या बाजूने परिस्थिती बरीच उदार आहे. सॉफ्टवेअर विकत घेतले की त्यातून निघालेला आवाज आपल्या गाण्यात वापरून ते गाणे विकताही येते. चित्राचे तसे नाही: पात्राच्या चित्राचा बिगरव्यावसायिक वापर कंपनीने मोकळा ठेवला आहे आणि २०१२ च्या अखेरीपासून मूळ चित्रांना क्रिएटिव्ह कॉमन्सचा, म्हणजे ठरावीक अटींवर सर्वांना वापराची मुभा देणारा, परवानाही दिला आहे, पण व्यवसायासाठी स्वतंत्र परवानगी घ्यावी लागते.

प्रश्न: ऐकताना आवाज यंत्राचा आहे हे कसे ओळखावे?

‘स’, ‘श’ यांसारख्या ऊष्म वर्णांकडे आणि ओळींच्या शेवटांकडे कान द्यावा. नव्या आवाजांत मात्र श्रेयनामावली वाचणे हाच भरवशाचा उपाय आहे.

प्रश्न: या आवाजांकडून मराठी म्हणवून घेता येईल का?

येईल, पण जपानी आवाजसंग्रहातून मराठी काढणे म्हणजे करंजीच्या साच्यातून चकली पाडण्यासारखे आहे. जपानी अक्षर बहुधा स्वरान्त असते. शब्दाअखेरीस फार तर अनुनासिक येतो. त्यामुळे मी प्रयोग म्हणून ‘पाऊस’ भरला तेव्हा ‘पाउसु’ ऐकू आले, ‘घर’ भरले तेव्हा ‘गारु’, आणि ‘बाळ’ भरला तेव्हा ‘बारु’. अक्षरांऐवजी वर्णचिन्हे थेट भरून आणि शेवटच्या स्वराची लांबी केसाएवढी करून हा ‘उ’ बराच दडपता येतो. महाप्राण मात्र तिथे नाहीत, ‘ण’ नाही, आणि जपानी ‘र’ मराठी ‘ळ’च्या जवळून जातो पण तिथे पोचत नाही. एका बाबतीत मराठी माणूस हिंदी माणसापेक्षा सुदैवी ठरतो: ‘त्सुनामी’तला ‘त्स’ जपानीत घरचाच असल्यामुळे ‘चोर’ आणि ‘चाक’ यांतला आपला ‘च’ तिथे सापडतो, जरी ‘चंद्रा’साठी दुसरा घ्यावा लागला तरी.

ज्याला हे नीट करायचे आहे त्याने उताऊ किंवा त्याचा मुक्तस्रोत वारसदार ओपन-उताऊ घ्यावे आणि स्वतःच्या किंवा घरातल्या कुणाच्या आवाजाचा संग्रह करावा. चांगला माइक, पंखा बंद केलेली खोली आणि एकाच पट्टीत न कंटाळता अक्षरे म्हणू शकणारा गळा एवढ्या तीन गोष्टी लागतात. अक्षरांची यादी बनवताना ‘ळ’चा विचार आधी करावा. मराठीत एकही शब्द ‘ळ’ने सुरू होत नाही, त्यामुळे आरंभीच्या ‘ळ’चे ध्वनिमुद्रण करण्यात वेळ घालवू नये, त्याऐवजी ‘काळा’, ‘पोळी’, ‘डोळे’, ‘खेळू’ अशा शब्दांतून दोन स्वरांमधला ‘ळ’ प्रत्येक जोडीसाठी वेगळा घ्यावा, आणि ‘फळ’, ‘वेळ’, ‘मूळ’ यांतला शब्दान्तीचा ‘ळ’ जीभ खाली सुटण्याच्या आतच, म्हणजे मागे ‘अ’ उमटू न देता, तोडावा.